टाके विरघळले, पण दुखणं राहिलं: बाळंतपणानंतरच्या 'स्कार मसाज'बद्दल एवढं का बोललं जातंय?

महाराष्ट्रातल्या अनेक घरांत बाळंतिणीचा सव्वा महिना ठरलेला असतो. सकाळी मालीशवाली बाई येते. तेल, कढत पाण्याची अंघोळ, शेक, धुरी, पोटाला घट्ट बांधलेला सुती पट्टा, मग अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू. टाळूपासून तळव्यापर्यंत शरीराचा एकेक सांधा चोळून निघतो.

एक जागा मात्र सुटते. बाळ बाहेर येताना फाटलेली किंवा डॉक्टरांनी छेद दिलेली, जिथे टाके पडलेले असतात ती.

या जागेबद्दल घरात 'टाके कोरडे ठेव' यापलीकडे फारसं कुणी बोलत नाही. दवाखान्यातून निघताना मलम आणि गोळ्या मिळतात. टाके विरघळले की विषय संपला असं सगळेच धरून चालतात. पण अनेक जणींसाठी तो संपत नाही. मांडी घालून बसलं की ओढ बसते. रिक्षा खड्ड्यात आदळली की कळ येते. नवऱ्याशी संबंध ठेवताना इतकं दुखतं की नको वाटतं. 'नॉर्मल डिलिव्हरी झालीय ना, मग कसलं दुखणं' या वाक्यापुढे यातलं बरंचसं बोललंच जात नाही.

आता हा विषय मोबाइलच्या स्क्रीनवर आला आहे. फिजिओथेरपिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ रील्समधून 'पेरिनियल स्कार मसाज' समजावून सांगतात. म्हणजे टाक्यांच्या जागी तयार झालेल्या व्रणाला स्वतःच्या बोटांनी, हलक्या हाताने केलेला मसाज. काही जणींना ते पाहून हायसं वाटतं, काही जणींना धक्का बसतो. आणि बहुतेक जणींना एकच प्रश्न पडतो: हे आपल्याला आधी कुणीच कसं सांगितलं नाही?

टाके नेमके कुठे पडतात?

योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागाला पेरिनियम म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर येताना हा भाग सर्वात जास्त ताणला जातो. कधी तो आपोआप फाटतो, तर कधी डॉक्टर किंवा नर्स तिथे तिरका छेद देतात. या छेदाला एपिसिओटॉमी म्हणतात.

फाटण्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिल्या पायरीत फक्त त्वचा फाटते. दुसरीत त्वचेखालचे स्नायूही फाटतात, आणि एपिसिओटॉमीचा छेदही साधारण याच खोलीचा असतो. तिसऱ्या पायरीत जखम गुदद्वाराभोवतीच्या, शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूपर्यंत जाते. चौथ्या पायरीत ती गुदाशयाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचते. शेवटच्या दोन प्रकारांना गंभीर इजा मानतात आणि त्या काळजीपूर्वक, थरांमागून थर असं शिवाव्या लागतात.

हे किती जणींना होतं? ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माहितीनुसार, पहिल्यांदाच नॉर्मल प्रसूती होणाऱ्या १० पैकी ९ जणींना काही ना काही इजा होते. मग ते नुसतं खरचटणं असो, फाटणं असो किंवा छेद. गंभीर इजा मात्र पहिल्या प्रसूतीत १०० पैकी साधारण ६ जणींना होते. म्हणजे टाके पडणं हा अपवाद नाही, आणि त्यात बाईची किंवा तिच्या 'कळा सोसण्याची' काही चूकही नाही.

महाराष्ट्रात किती जणींना टाके पडतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातल्या ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या. २५.४ टक्के सिझेरियन होत्या. म्हणजे चारपैकी जवळपास तीन बायका योनिमार्गे बाळंत झाल्या. त्यातल्या कितींना छेद दिला गेला, किती फाटल्या, किती जणींना नंतर त्रास राहिला, यासाठी सर्वेक्षणाच्या तथ्यपत्रकात रकानाच नाही. सिझेरियनचा टक्का मोजला जातो, म्हणून त्यावर चर्चा होते. टाक्यांचा मोजला जात नाही, म्हणून त्यावर होत नाही.

जगभरात चर्चा का सुरू झाली?

डिसेंबर २०२३ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दरवर्षी जगभरात किमान ४ कोटी स्त्रियांना बाळंतपणामुळे आरोग्याचा दीर्घकालीन त्रास होण्याची शक्यता असते, असा अंदाज त्यात मांडला गेला. यात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं टिकणाऱ्या तक्रारी मोजल्या होत्या.

त्यातले काही आकडे डोळ्यात भरणारे होते. बाळंतपणानंतर ३५ टक्के स्त्रियांना संबंधांच्या वेळी वेदना होतात. ३२ टक्के स्त्रियांची कंबर दुखते. १९ टक्के स्त्रियांचा गॅस किंवा शौचावरचा ताबा सुटतो. लघवी गळण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ८ ते ३१ टक्के आढळलं. पेरिनियमच्या जागी वेदना ११ टक्के स्त्रियांना होतात.

ब्रिटनमध्ये तर हा विषय थेट संसदेत पोहोचला. खासदार थिओ क्लार्क यांना २०२२ मध्ये मुलीच्या जन्मावेळी तिसऱ्या पायरीची इजा झाली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी संसदेत स्वतःचा अनुभव सांगितला. बाळंतपणातल्या आघातावर ब्रिटिश संसदेत झालेली ती पहिली चर्चा होती. त्यानंतर सर्वपक्षीय खासदारांच्या गटाने चौकशी केली. १,३०० हून अधिक लोकांनी आपले अनुभव लिहून पाठवले आणि मे २०२४ मध्ये अहवाल आला. सहा आठवड्यांनंतर बाळापासून वेगळी, फक्त आईची अशी तपासणी व्हावी आणि त्यात तिच्या शारीरिक आणि मानसिक तब्येतीचे प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जावेत, ही त्यातली एक मुख्य शिफारस होती.

जखम भरली, मग दुखतं का?

शरीर जखम शिवतं तेव्हा मूळ कापड परत विणत नाही, ठिगळ लावतं. या ठिगळात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. मूळ त्वचेत हे धागे जाळीसारखे सगळ्या दिशांना पसरलेले असतात, म्हणून ती ताणली जाते. व्रणात ते दाट आणि एकाच दिशेने बसतात. त्यामुळे ती जागा कडक होते आणि कमी ताणते.

वरून जखम दोन-तीन आठवड्यांत भरलेली दिसते, पण आतलं काम पुढे अनेक महिने, कधी वर्षभर चालू राहतं. व्रणाची ताकद हळूहळू वाढते, मात्र ती मूळ त्वचेइतकी कधीच होत नाही. या काळात व्रण खालच्या थरांना चिकटला तर हालचालीच्या वेळी ओढ बसते. तिथल्या बारीक नसा जास्त संवेदनशील झाल्या तर साधा कपडा घासला तरी चुरचुरतं. काही जणींना उलट तिथे बधिर वाटतं.

दुसरी गोष्ट स्नायूंची. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. यालाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. टाके पडतात ते या झोळीच्या काठाशीच. दुखेल या भीतीने बाई नकळत हे स्नायू सतत आखडून धरते. आखडलेला स्नायू आणखी दुखतो, दुखलं की तो आणखी आखडतो. मसाजचा एक उद्देश हे चक्र तोडणं हाही असतो.

स्कार मसाज कसा करतात?

तज्ज्ञ सर्वात आधी एक अट घालतात: जखम पूर्ण भरलेली हवी. साधारण सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी टाक्यांची जागा एकदा पाहिल्यावरच सुरुवात करावी. टाके उघडे असतील, ताप असेल, घाण वास येणारा स्राव असेल, रक्तस्राव चालू असेल तर मसाज करायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीची इजा झाली असेल तर रील पाहून काहीही सुरू करू नये. तिथे डॉक्टर किंवा पेल्विक फ्लोअरचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टनेच सांगायला हवं.

त्यानंतरच्या पायऱ्या साध्या आहेत.

आधी पाहणं. नखं कापून, हात साबणाने धुऊन, उशांना टेकून आणि गुडघे वाकवून बसायचं. हातआरशात टाक्यांची जागा पाहायची. अनेक बायकांनी ती जागा बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर कधीच पाहिलेली नसते. 'तिथे काहीतरी भयंकर झालंय' ही भीती बऱ्याचदा पाहिल्यावरच कमी होते.

मग स्पर्शाची सवय. पहिले काही दिवस मांडीच्या आतल्या बाजूपासून सुरुवात करून कापसाने किंवा बोटाच्या टोकाने व्रणाच्या आसपास हळुवार स्पर्श करायचा. दाब द्यायचा नाही. नसांची अतिसंवेदनशीलता कमी व्हायला हीच पायरी उपयोगी पडते.

मग बाहेरून मसाज. बिनवासाचं साधं तेल, म्हणजे खोबरेल किंवा बदामाचं, अंगठ्याला लावायचं. व्रणावर अंगठा ठेवून लहान गोल फिरवायचे, मग व्रणाच्या रेषेत वर-खाली, मग आडवं. बोट त्वचेवरून नुसतं घसरवायचं नाही, त्वचा बोटाबरोबर हलली पाहिजे. गाठीसारखी कडक जागा लागली तर तिथे थोडा वेळ स्थिर दाब ठेवायचा.

शेवटी आतून. बाहेरचा मसाज सहज जमू लागल्यावर अंगठ्याचं पहिलं पेर आत घालून गुदद्वाराच्या दिशेने खाली आणि मग दोन्ही बाजूंना हलका ताण द्यायचा. तो अर्धा-एक मिनिट धरून श्वास सावकाश सोडायचा. वरच्या बाजूला मूत्रमार्ग असतो, तिकडे दाब द्यायचा नाही.

हे सगळं रोज पाच ते दहा मिनिटं पुरतं. ताण जाणवणं ठीक आहे, पण झोंबणारी किंवा तीव्र कळ आली, रक्त दिसलं किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर थांबायचं.

तेलाबद्दल दोन सूचना महत्त्वाच्या. बाळंतिणीच्या मालिशीचं औषधी तेल, कापूर किंवा मेंथॉल घातलेलं तेल, सुगंधी तेल या नाजूक त्वचेला चालत नाही. आणि तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. त्यामुळे संबंधांच्या वेळी कंडोम वापरत असाल तर तेल नको, पाण्याचा आधार असलेलं लुब्रिकंट वापरावं.

शेक घ्यावा की थंडावा?

इथे घरची पद्धत आणि वैद्यकीय सल्ला यांच्यात फरक पडतो. प्रसूतीनंतर लगेचच्या काळात टाक्यांच्या वेदनेवर जागतिक आरोग्य संघटना थंडावा सुचवते, म्हणजे कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पॅड. शेगडीवर बसून घेतलेल्या धुरीने ताज्या जखमेला चटका बसण्याचा धोका असतो.

पाण्याचंही तसंच. 'बाळंतिणीने पाणी कमी प्यावं' असं अनेक घरांत अजूनही सांगतात. पाणी कमी पडलं की शौच घट्ट होते, मग जोर करावा लागतो, आणि तो सगळा जोर टाक्यांवर येतो. पुरेसं पाणी, पालेभाजी, फळं आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेलं शौच मऊ करणारं औषध टाक्यांसाठी मसाजाइतकंच, आणि सुरुवातीला त्याहून जास्त महत्त्वाचं असतं.

या मसाजाला पुरावा किती?

रील्समध्ये हा भाग सहसा येत नाही. प्रसूतीनंतरच्या पेरिनियल व्रणाच्या मसाजावर मोठ्या, काटेकोर चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. भाजलेल्या आणि शस्त्रक्रियेच्या व्रणांवरचा अनुभव, काही लहान अभ्यास आणि फिजिओथेरपिस्टना रोजच्या कामात दिसणारे परिणाम यांच्या आधारावर तो सुचवला जातो. ब्रिटनमधली अनेक सरकारी रुग्णालयं आपल्या माहितीपत्रकांत तो शिकवतात, कारण त्यात धोका कमी आहे, खर्च नाही आणि अनेक जणींना बरं वाटतं. पण 'हमखास उपाय' किंवा 'सात दिवसांत फरक' असं कुणी सांगत असेल तर ते विकण्यासाठी सांगितलं जातंय असं समजायला हरकत नाही. या मसाजाला खास तेल, खास उपकरण किंवा महागडा ऑनलाइन कोर्स लागत नाही.

एक गल्लत टाळायला हवी. गरोदरपणात, साधारण ३४-३५ आठवड्यांनंतर केलेल्या पेरिनियल मसाजावर बरंच संशोधन झालं आहे. पहिलटकरणींमध्ये त्यामुळे टाके पडण्याची आणि छेद देण्याची गरज काही प्रमाणात कमी होते, असं संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने नोंदवलं आहे. पण तो प्रसूतीआधीचा मसाज आहे. त्याचा पुरावा प्रसूतीनंतरच्या मसाजाला जोडून सांगणं योग्य नाही.

प्रत्येक दुखणं टाक्यांचं नसतं

बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालेलं असतं. त्यामुळे योनिमार्ग कोरडा आणि नाजूक होतो. संबंधांच्या वेळचं दुखणं अनेकदा यामुळेही असतं. त्याला मसाज पुरत नाही. लुब्रिकंट, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर स्थानिक औषध लागतं. टाक्यांच्या जागी कधी लालसर, लगेच रक्त येणारं मांस वाढतं. त्यावर दवाखान्यात साधा उपचार होतो. कधी टाके नीट जुळलेले नसतात. कधी जंतुसंसर्ग असतो.

'कीगल व्यायाम कर, सगळं ठीक होईल' हा सल्लाही सरसकट बरोबर नाही. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये मांडलेला हा व्यायाम सैल पडलेल्या स्नायूंसाठी आहे. लघवी गळत असेल तर त्याचा उपयोग होतो. पण ज्या बाईचे स्नायू दुखण्यामुळे आधीच आखडले आहेत, तिने आधी ते सैल सोडायला शिकायला हवं. कुणाला काय हवं हे तपासल्याशिवाय कळत नाही.

ताप, वाढतं दुखणं, घाण वास, उघडलेले टाके, गॅस किंवा शौचावर ताबा न राहणं, लघवी गळणं, खाली काहीतरी उतरल्यासारखं किंवा 'अंग बाहेर आल्यासारखं' वाटणं, यातलं काहीही असेल तर सव्वा महिना संपायची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायला हवं.

गडचिरोलीने हे आधीच सांगितलं होतं

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. सरासरी एका बाईला ३.६ आजार होते. पण त्याआधी कधीही स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

तो अभ्यास टाक्यांवर नव्हता. पण बायका कमरेखालच्या दुखण्याबद्दल बोलत नाहीत, याचा अर्थ दुखणं नाही असा होत नाही, हे त्याने दाखवून दिलं. विचारणारं कुणी नसलं की आजार आकडेवारीत दिसत नाही, आणि आकडेवारीत दिसला नाही की योजनेतही येत नाही.

त्याच गडचिरोलीतून पुढे घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं मॉडेल उभं राहिलं. २०११ पासून ते देशभर राबवलं जातं. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. या भेटींनी बाळांचे जीव वाचवले. आईचीही चौकशी होते: ताप आहे का, रक्त जास्त जातंय का, स्रावाला वास येतोय का. हे जीव वाचवणारे प्रश्न आहेत. पण 'बसताना दुखतं का, लघवी गळते का, टाक्यांची जागा कशी आहे' हे प्रश्न जीव वाचवणारे नाहीत, म्हणून ते मागे राहतात.

माता मृत्यू रोखण्यात महाराष्ट्राची कामगिरी चांगली आहे. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत होता, महाराष्ट्रात ३३. म्हणूनच पुढचा प्रश्न आता विचारता येतो. बाळंतपणातून वाचलेली बाई पुढे कशी जगते?

छेद टाळता येतो का?

व्रणाचा मसाज हा शेवटचा टप्पा झाला. पहिला टप्पा प्रसूतिगृहात असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की नैसर्गिक प्रसूतीत रिवाज म्हणून सरसकट छेद देऊ नये. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यानुसार सरसकट छेद देण्याऐवजी गरजेपुरताच दिला, तर गंभीर इजेचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतं. जोर देण्याच्या काळात गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाचा शेक, हलका मसाज आणि डोकं सावकाश बाहेर येऊ देणं यानेही फरक पडतो.

बाळाचे ठोके कमी होत असतील किंवा चिमट्याने प्रसूती करावी लागत असेल तर छेद गरजेचा ठरू शकतो. प्रश्न छेद चांगला की वाईट हा नाहीच. तो का दिला, विचारून दिला का, आणि नंतर त्याची काळजी कशी घ्यायची हे सांगितलं का, हा आहे. 'पहिलटकरीण आहे, छेद द्यावाच लागतो' हे पुरेसं उत्तर नाही. गरोदरपणातल्या तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना हे विचारता येतं.

मग जबाबदारी कुणाची?

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर पेल्विक फ्लोअरच्या पुनर्वसनाची सत्रं सरकारी आरोग्य विम्यातून मिळतात. डॉक्टरांच्या किंवा सुईणीच्या चिठ्ठीवर साधारण दहा सत्रं होतात. इंग्लंडमध्ये गरोदर आणि बाळंत स्त्रियांसाठी पेल्विक आरोग्याच्या सेवा उभ्या केल्या जात आहेत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पेल्विक फ्लोअरचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट सापडतात, पण बहुतेक खासगी आणि पैसे मोजून. तालुक्याच्या ठिकाणी बाईच्या हातात उरतो तो मोबाइल.

यामुळेच स्कार मसाजाच्या रील्सकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवं. ज्या गोष्टीचं नावही घेता येत नव्हतं ती बाई आता शांतपणे ऐकू शकते, हे चांगलंच आहे. पण दवाखान्याने सांगायला हवं ते रीलने सांगायचं, फिजिओथेरपिस्टने करायला हवं ते बाईने रात्री बाळ झोपल्यावर बाथरूममध्ये एकटीने करायचं, ही व्यवस्था झाली नाही. आईने स्वतःची काळजी घेतली नाही असं म्हणायला ती एक नवी जागा ठरू शकते.

घरालाही यात काम आहे. सव्वा महिना झाला म्हणजे शरीर 'मोकळं' झालं, ही समजूत नवऱ्याने सोडावी लागेल. संबंध कधी सुरू करायचे हे दिनदर्शिका ठरवत नाही, तिचं शरीर आणि तिची इच्छा ठरवते. दुखतंय असं तिने सांगितलं तर ते नखरे नाहीत. आणि सासू किंवा आईने 'आम्हीही सोसलंच की' असं म्हणण्याआधी, आपण तेव्हा काय काय सोसलं होतं हे एकदा आठवायला हवं.

यंत्रणेला काय करता येईल? त्यासाठी नवं रुग्णालय लागत नाही. लसीकरणाच्या वेळापत्रकात बाळाला दीड महिन्याचं झाल्यावर पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस मिळतो. त्या दिवशी आई बाळाला मांडीवर घेऊन उपकेंद्रात किंवा दवाखान्यात नर्सच्या समोर बसलेली असते. आशाची ४२ व्या दिवसाची भेटही त्याच सुमाराची. म्हणजे टाक्यांची जखम भरून मसाज सुरू करता येतो, नेमक्या त्याच आठवड्यात आई आरोग्य यंत्रणेच्या समोर दोनदा येते.

बाळाचं वजन होतं, लस टोचली जाते, कार्डावर पुढची तारीख लिहिली जाते. त्याच दोन मिनिटांत तिला विचारता येईल: 'तुमचे टाके कसे आहेत? बसताना दुखतं का?'